तीनशे अकरा पौंड

फिनियन बेट
सोमवार, ११ जानेवारी १९८८

डिलिया,

पत्र माझंच आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते शेगडीत टाकलं नसशील, तर पुढे वाच. चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितेय ती स्वतःच्या कामासाठी. ते मला कळतं. तिकीट आणायला गेले तर टपालखिडकीतून विनीने विचारलंच, कोणासाठी. मी खरं सांगितलं. म्हणाली, "डिलियाला? अगं, एवढ्या वर्षांत तुझी शाई गोठली कशी नाही?" मी म्हटलं, "तुझी जीभ कधी गोठली का?" दोघी हसलो. घरी येऊन टेबलापाशी बसले तर नुसतं तुझं नाव लिहायला तास गेला.

मला विमानतळाच्या काउंटरवरून काढलं हे तुला सांगायला नको. ते पत्र तूच टंकलंस. खाली कोपऱ्यात मालक व्हरबीकची आद्याक्षरं, पुढे तिरकी रेघ, आणि रेघेनंतर बारीक अक्षरांत 'डी. एम.' तुमच्या ऑफिसात डी. एम. एकच आहे. तेरा वर्षं मी त्या काउंटरमागे बसले आणि निरोपाच्या कागदावर माझ्याच बहिणीची आद्याक्षरं. मी तो कागद दोन दिवस पावाच्या डब्याखाली ठेवला होता. का ते विचारू नकोस.

कागद म्हणतो, 'कामाची फेररचना'. फेररचना म्हणजे मी गेले आणि माझ्या जागी शेरी आली. तेच काम, तेच तास. फक्त खुर्ची बदलली, माझी म्हणे वाकली होती.

आता मुद्दा. अर्व्हिड म्हणतो, नऊ सप्टेंबरला व्हरबीक तुमच्या पोर्ट अ‍ॅडेलिनच्या ऑफिसात माझ्याबद्दल काहीतरी बोलला. अर्व्हिड विमान उतरवून दाराबाहेर हवामानाचा कागद वाचत उभा होता, त्याला अर्धंच ऐकू आलं. "विमान उठेल का" एवढं त्याने ऐकलं, आणि हसणं. तू समोर बसली होतीस. तू सगळं ऐकलंस.

मी लॅन्सिंगला नागरी हक्क खात्याकडे तक्रार केली आहे. सतरा फेब्रुवारीला दुपारी एक वाजता तुमच्या गावच्या कोर्टाच्या माडीवर बैठक आहे. खात्याच्या मिसेस प्रुइट येणार, व्हरबीक येणार, त्याचा वकील येणार. मी हजर झाले नाही तर प्रकरण बंद. आणि झाले तरी माझा एक शब्द, त्याचा एक शब्द. त्याच्या शब्दाला वकील आहे.

तू येशील का? एवढंच विचारायचं होतं. जे ऐकलंस ते सांगायचं, जास्त काही नाही.

मला भीती वाटते, डिलिया. एकदा लिहून टाकते म्हणजे पुन्हापुन्हा लिहायला नको.

उना


बुधवार, २० जानेवारी

डिलिया,

उत्तर नाही. टपालाची थैली तुझ्याच ऑफिसात तोलली जाते, तेव्हा पत्र पोचलं नाही असं म्हणायची सोय नाही.

सरोवर परवा पूर्ण गोठलं. बोट आता एप्रिलपर्यंत धक्क्याला. म्हणजे सतराला मला विमानानेच यावं लागणार, आणि विमान त्याचं. ज्या माणसाविरुद्ध तक्रार केली त्याच्याच वजनकाट्यावर चढून त्याच्याच विमानात बसायचं. 

तुला मी वेडी वाटत असेन. मलाही वाटते. खरं सांगू, असा कायदा आहे हे मला माहीतच नव्हतं. शेवटच्या दिवशी मी माझे कप, माझी उशी, आईचा फोटो खोक्यात भरत होते. काउंटरमागे भिंतीवर सरकारी फलक असतो ना, पिवळा पडलेला, ज्याच्या खिळ्याला मी छत्री अडकवायचे? छत्री काढली आणि पहिल्यांदा तो पूर्ण वाचला. धर्म, वंश, रंग, वय, स्त्री की पुरुष, लग्न झालं की नाही, आणि त्याच रांगेत 'उंची'. आणि 'वजन'. मी तिथेच खोक्यावर बसले. शहात्तर सालापासून मिशिगनमध्ये हा कायदा आहे आणि मी इतकी वर्षं त्याच्यावर छत्री टांगत होते!

मिसेस प्रुइटशी फोनवर बोलले. आवाज शाळेतल्या बाईंसारखा, पण बोलणं प्रेमाचं. त्यांना आपली चिठ्ठ्यांची पद्धत समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली.

"म्हणजे तुम्ही प्रवाशांचं वजन करत नव्हता?"

"करत होतो. पण काट्यावर नाही."

मग सांगितलं. विमान छोटं, एकेका माणसाचं वजन धरावं लागतं. जुने मालक सुरुवातीला वजन मोठ्याने ओरडून विचारायचे आणि बेटावरच्या निम्म्या बायकांनी विमानात बसणंच सोडलं. मग आईने तोडगा काढला. प्रत्येकाने आपलं वजन कागदावर लिहायचं, घडी घालायची, काउंटरवर द्यायची. मी ती उघडायची, बेरजेत आकडा घालायचा, चिठ्ठी शेगडीत टाकायची. सगळे पंधरा-वीस पौंड कमी लिहितात. ते मला डोळ्यांनी दिसतं, तेवढे मी गुपचूप मिळवायची. तेरा वर्षांत एकाही विमानाचं वजन चुकलं नाही आणि बेटावरच्या एकाही माणसाचा आकडा माझ्या तोंडून बाहेर पडला नाही.

मिसेस प्रुइटनी ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मिस मॅकेफर्टी, तुमच्याकडे आमच्या खात्याने शिकायला यायला हवं."

मी विचारलं, बैठकीच्या खोलीत खुर्च्या कशा आहेत? हाताच्या आहेत का? त्यांना वाटलं मी पाठदुखीबद्दल विचारतेय. मी हो म्हटलं. हाताच्या खुर्चीत मी बसले तर उठताना ती माझ्याबरोबर उठते, हे फोनवर कसं सांगणार? व्हरबीकच्या वकिलासमोर तसं झालं तर? मला त्याचं स्वप्न पडतं.

व्हरबीकने आता नवा काटा आणलाय, धान्याच्या गोदामातला. मोठी तबकडी, आणि तिचं तोंड बसलेल्या लोकांकडे. चिठ्ठ्या बंद. गेल्या आठवड्यात विनी दाताच्या डॉक्टरकडे जायची होती. तबकडी पाहिली आणि परत फिरली. गाल अजून सुजलेला आहे.

उत्तर दे. नाही म्हणायचं असेल तर नाही लिही.

उना


शुक्रवार, २९ जानेवारी

डिलिया,

व्हरबीक माझ्या घरी आला होता. दुपारी. मी बटाटे सोलत होते, हात तसेच ओले. दार मीच उघडलं.

आवाज चढवला नाही त्याने. तेच जास्त वाईट. टोपी हातात धरून म्हणाला, "हे बघा उना, तुम्ही चांगल्या बाई आहात. गोदामात काम देतो. पार्सलं लावायची. तिथे तुम्हाला कोणी बघणार नाही."

मी म्हटलं, "मला कोणी बघितलं तर काय होतं?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मग कसं होतं?"

त्याने टेबलावर त्याच्या वकिलाचं पत्र ठेवलं. डिलिया, ते मी तीनदा वाचलं. ते म्हणणार आहेत, मला वजनामुळे काढलंच नाही. मला काढलं कारण मी तेरा वर्षं खोटे आकडे लिहिले. प्रवाशांचा जीव धोक्यात घातला. पुरावा म्हणून विमानात किती वजन भरलं त्याची जुनी भरणापत्रकं काढली आहेत, आणि त्यातली कोणाची? माझी. मी स्वतः ज्या ज्या वेळी विमानात बसले त्या सगळ्या वेळची.

वकील विचारतो, अमुक तारखेला मिस मॅकेफर्टी यांनी स्वतःचं वजन २१५ लिहिलं, ते खरं होतं का?

मी व्हरबीकला म्हटलं, विचार करते. तो म्हणाला, "करा. सतरापर्यंत वेळ आहे." जाताना त्याने बटाट्यांच्या ढिगाकडे बघितलं. एकटीसाठी एवढे, असं त्याच्या डोळ्यांत दिसलं. ते चर्चच्या सामुदायिक जेवणाचे होते! मी ओरडून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आता मला तू एकटीच आहेस. व्हरबीक काय म्हणाला, ते तू सांगितलंस तर बाकी सगळी भरणापत्रकं बाजूला पडतात, असं मिसेस प्रुइट म्हणतात. साक्ष दिली म्हणून तुला कामावरून काढता येत नाही, तेही कायद्याविरुद्ध आहे. मी मुद्दाम विचारून घेतलं. तुझी काळजी मला नाही असं समजू नकोस.

आणि तू माझं काही देणं लागतेस असंही मी म्हणत नाही. पण आईच्या वेळी तू मला जे म्हणालीस, 'तू म्हणजे दोन माणसं', ते मी चार वर्षं गिळून बसलेय. त्याच्या बदल्यात एवढं तरी कर.

उना


शुक्रवार, ५ फेब्रुवारी

डिलिया,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी आहे. ती तुला माहीत आहे आणि मलाही. हे लिहायला सात दिवस लागले. मधे तीन कागद शेगडीत गेले.

मी सगळं सांगते. तू तिथे होतीस, तरी सांगते, कारण मी ते कधी पूर्ण वाक्यात मनातही म्हटलेलं नाही.

चौऱ्याऐंशीची आठ फेब्रुवारी, सकाळचे दहा. आईला छातीत दुखायला लागलेलं. अर्व्हिडने मागची आसनं काढून स्ट्रेचर आत घेतलं. नर्स चढली. इंजिन चालू. निम्मं बेट कुंपणापलीकडे उभं, पण त्या आवाजात त्यांना काही ऐकू जात नव्हतं. अर्व्हिड दारातून वाकून म्हणाला, "उना, तुझा आकडा सांग. पटकन."

चिठ्ठी नव्हती. कागद नव्हता. तोंडाने सांगायचा होता.

सगळ्यांच्या चिठ्ठीत मी पंधरा-वीस मिळवायची, हे मिसेस प्रुइटना ऐटीत सांगितलं. माझ्या चिठ्ठीत मी कधी काही मिळवलं नाही, हे नाही सांगितलं. वर्षानुवर्षं दोनशे पंधरा. त्या दिवशी मी दोनशे बासष्ट होते. खोटं सांगावं तर आई आत होती, विमान जड झालं असतं. खरं सांगावं तर आजपर्यंतचं सगळं खोटं उघडं पडलं असतं. आणि ऐकणारे किती? तू, अर्व्हिड, नर्स. आणि आई. आपल्याच माणसांपुढे मला तो आकडा उच्चारता आला नाही.

मी म्हटलं, "डिलियाला जाऊ दे."

तू काहीच म्हणाली नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस, आणि चढलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. तिने मला विचारलं असेल. विचारलं का? नको, सांगू नकोस.

अंत्यसंस्काराच्या जेवणाला चर्चच्या हॉलमध्ये विनीच्या आईने मला विचारलं, "तू का नाही गेलीस गं बरोबर?" तू चार टेबलं पलीकडे पाव कापत होतीस. मी म्हटलं, डिलियाने मला मागे ढकललं. म्हणाली, तू म्हणजे दोन माणसं. हे वाक्य माझ्या डोक्यात कुठून आलं कोण जाणे. बहुतेक मीच मला रोज म्हणत असेन. संध्याकाळपर्यंत ते बेटभर झालं. त्यानंतर तुझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. रविवारी चर्चमध्ये तुझ्याशेजारची जागा रिकामी. एप्रिलच्या पहिल्या बोटीने तू गेलीस आणि मी धक्क्यावर आले नाही. अर्व्हिड खरं सांगू शकला असता, पण अर्व्हिड बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. आणि तूही नाही बोललीस. का नाही बोललीस?

तर असं आहे. मी तुझ्याबद्दल खोटं सांगितलं, आणि आता तू माझ्याबद्दल खरं सांगावंस असं मागतेय. एवढं तोंड वर करून मागायला लाज वाटते. तरी मागतेय. दुसरं कोणी नाही मला.

उना


शुक्रवार, १२ फेब्रुवारी

डिलिया,

तुझं कार्ड आलं. विनीने देताना दोन्ही बाजू वाचल्या असणार, पण काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे बघ.

'हे तिकडे कोणाला सांगितलंस?'

चार शब्द. येतेस का नाही, त्याबद्दल काही नाही. सहीसुद्धा नाही. अक्षर मात्र तेच, 'त'चा पाय लांबवलेला.

नाही. कोणाला नाही सांगितलं. तुला पत्रात लिहिणं वेगळं. इथे सांगायचं म्हणजे त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांना. चार वर्षं ज्यांनी माझी कीव केली, मला पहिली रांग दिली, तुझं नाव निघालं की माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना काय सांगू? की मी खोटारडी आहे? व्हरबीकचा वकीलही तेच म्हणतोय!

फादरांना सांगू का, असं मनात आलं. पण त्यांना सांगितलेलं तिथेच राहतं आणि तुझा प्रश्न तो नाही. तुझा प्रश्न मला बरोबर कळला.

परवापासून माझी काट्याची भीती कमी झालीये. म्हणजे कमी नाही, तिच्या शेजारी दुसरी येऊन बसलीये, म्हणून पहिली जरा आकसलीये. दोघींना घेऊन बुधवारी यायचं आहे. त्या दिवशी राखेचा बुधवार, कपाळाला राख लावायची सकाळी सातची प्रार्थना, मग दहाचं विमान. उपवासाचा दिवस आहे. तेवढाच अर्धा पौंड कमी भरेल.

हे पत्र सोमवारच्या थैलीत असेल.

उना


पोर्ट अ‍ॅडेलिन, कोर्टाची माडी
बुधवार, १७ फेब्रुवारी, दुपार

डिलिया,

तू आत आहेस. दार बंद आहे. मी बाहेर बाकावर. मिसेस प्रुइट म्हणाल्या, साक्षीदाराचं आधी ऐकू, मग तुम्हाला बोलावू. नुसतं बसवेना, म्हणून पिशवीतून कागद काढला. सवय लागली तुला लिहायची. बाहेर आलीस की हे तुझ्या हातात देईन.

सकाळी इथे, तुझ्या बाजूला, तुला फक्त रेडिओ ऐकू आला. तिकडे काय झालं ते सांगते.

चर्चमधून थेट विमानतळावर गेलो. माझ्याशिवाय नऊ प्रवासी, सगळ्यांच्या कपाळावर राख. विनी पण होती, गाल बांधलेला. मी पोचले तेव्हा शेरी काउंटरमागे पांढरी पडली होती. ती वाईट नाही गं. म्हणाली, "मिस मॅकेफर्टी, माफ करा, मला तबकडी फिरवता येत नाही. खिळ्यांनी पक्की केलीय त्यांनी."

मी कोट काढला. बूटही काढणार होते, पण वाकले तर पुन्हा उठायचा धीर झाला नसता. आणि तेवढ्यात विनी उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग तिच्या शेजारचे म्हातारे. मग एकेक करून सगळे. नऊच्या नऊ माणसं भिंतीकडे तोंड करून, पोरांना शिक्षा केल्यासारखी. कोणी काही ठरवलं नव्हतं. तेरा वर्षं मी यांच्या चिठ्ठ्या जाळल्या होत्या.

मी काट्यावर चढले. काटा फिरला, थांबला.

आता तुला माहीत आहे, पुढे काय असतं. शेरीने रेडिओवर नावं आणि वजनं सांगायची, आणि तू तिकडून परत म्हणून लिहून घ्यायचीस. तिने नऊ सांगितली. तुझा आवाज येत होता. चार वर्षांनी. तू शिंक आल्यासारखं 'नोंदवलं' म्हणतेस, अजून तसंच. माझ्या नावाशी येऊन शेरी अडली. तिने मायक्रोफोन हाताने झाकला आणि मला हळूच म्हणाली, "दोनशे पंधरा सांगू का?"

दोनशे पंधरा! तिने जुनी पत्रकं पाहिली होती. भल्या मनाने विचारलं पोरीने. आणि मला आठ फेब्रुवारी दिसली, तसंच इंजिन, तशीच थंडी.

मी तिच्या हातातून मायक्रोफोन घेतला. म्हटलं, "उना मॅकेफर्टी. तीनशे अकरा."

तिकडून काहीच आलं नाही. नुसती खरखर. मला वाटलं तू उठून गेलीस. पण मायक्रोफोन परत द्यायच्या आधी मला दुसरी गोष्ट करायची होती, नाहीतर कधीच झाली नसती. विनी भिंतीकडेच बघत होती. मी मायक्रोफोनमध्येच बोलले, पण मोठ्याने, खोलीतल्यांसाठी.

"आणि आई गेली तेव्हा डिलियाने मला ढकललं नव्हतं. ती काहीच बोलली नव्हती. आकडा सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी मागे राहिले. हॉलमध्ये मी खोटं सांगितलं."

नऊ पाठी. एकही हलली नाही. मग विनीची पाठ हलली, पण ती वळली नाही. म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला, राख बोटाला लागली. बाहेर अर्व्हिडने इंजिन चालू केलं.

मग तू म्हणालीस, "मॅकेफर्टी, उना. तीनशे अकरा." आणि थांबून, "दोन्ही नोंदवलं."

विमानात विनी माझ्या शेजारी बसली. सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. उतरताना म्हणाली, "तुझ्यावर मी फार चिडलेय, उना." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "डिलियाला सांग, येत्या बोटीने जेवायला ये म्हणावं." आणि दाताच्या डॉक्टरकडे गेली.

तू मोटार घेऊन उभी असशील असं मला वाटलं नव्हतं. तू दार उघडलंस, मी बसले. धक्क्याच्या वळणावर तू गाडी हळू केलीस आणि पुढे बघत बोललीस. तुझे शब्द मी जसेच्या तसे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच त्यांत फेरफार करेन.

"त्या दिवशी विमान वर गेल्यावर अर्व्हिडने मला सांगितलं होतं. दोघीही बसलो असतो. तुझा खरा आकडा धरूनसुद्धा अठरा पौंड उरत होते."

मी म्हटलं, "त्याला माझा खरा आकडा कुठे माहीत होता?"

"तुझ्या चिठ्ठीत तो पहिल्यापासून स्वतःच मिळवत होता. डोळ्यांनी बघून. त्या दिवशी त्याने नुसतं विचारायचं म्हणून विचारलं."

मी खिडकीची काच खाली केली. मग विचारलं, "हे तुला तेव्हापासून माहीत होतं? मी हॉलमध्ये बोलले तेव्हाही?"

"हो."

"मग तू उठून सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय करायचं होतं?" तू म्हणालीस. "आई गेली होती. तू उरली होतीस."

डिलिया, मला काल वाटत होतं की माझ्या सगळ्या भीतींची मला ओळख आहे. अठरा पौंडांची नव्हती. ती आता जन्मभर राहील, आणि राहू दे. मी लोकांच्या चिठ्ठ्या जाळल्या म्हणून स्वतःला फार मोठी समजत होते. तू तर माझी चिठ्ठी चार वर्षं मुठीत धरून बसलीस, आणि त्यापायी बेट सोडलंस. मी चुकले. हे तुझ्या तोंडावर सांगायचं आहे, पण बाहेर आलीस की रडू येईल आणि सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

दारातून तुझा आवाज येतोय. शब्द कळत नाहीत, चाल कळते. रेडिओवरची चाल आहे. आधी नाव, मग तारीख, मग जे बोललं गेलं ते, एक शब्द न गाळता. मधेच व्हरबीकचा वकील काहीतरी म्हणाला आणि तू थांबलीस, आणि पुन्हा तेच, त्याच चालीत, पहिल्यापासून म्हटलंस. 

पुढे काय होईल कोण जाणे. ते माझी भरणापत्रकं काढतील. मी म्हणणार, हो, माझा आकडा खोटा होता, बाकी एकाचाही नव्हता, आणि तीनशे अकराला काउंटरमागे बसायचा हक्क आहे का ते आधी सांगा. म्हणायचं ठरवलंय. तोंडातून निघेल का, माहीत नाही. 

दार उघडलं. मिसेस प्रुइट आहेत. त्यांच्या मागे टेबलाची कड दिसतेय आणि माझ्यासाठी ओढून ठेवलेली खुर्ची. हाताचीच आहे. त्या विचारतायत, "तुमच्या पाठीला ही चालेल ना?"

मी सांगणार आहे, पाठीचा काही प्रश्न नाही. मी तिच्यात मावत नाही. दुसरी आणा.

उना